ओढ्यातले किडे वाहून जातात, तरी वरचा ओढा रिकामा का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या ओढ्यात दगड उलटला की खालच्या बाजूला बारीक अळ्या, किडे, एखादी गोगलगाय दिसते. पाणी तर अहोरात्र खाली चाललंय. मग हे जीव वाहून जात नाहीत का? जात असतील तर ओढ्याचा वरचा भाग ओस कसा पडत नाही? आणि मार्चमध्ये ठणठणीत कोरडा पडलेला ओढा ऑगस्टमध्ये पुन्हा किड्यांनी कसा भरतो?

वीसेक वर्षं सह्याद्रीतल्या ओढ्यांत गुडघाभर पाण्यात उभं राहून हेच किडे मोजतोय. आधी थोडक्यात सांगतो. वाहतात, पण बहुतेक वेळा स्वतः पकड सोडून, रात्री, आणि तेही चार पावलं. वर जाणारे थोडेच असतात, पण तेवढे पुरतात. कोरड्या ओढ्याचा साठा तीन ठिकाणी असतो : गोट्यांच्या खाली, उरलेल्या डोहांत आणि हवेत. आता सविस्तर.

पहिली गोष्ट मापाची. आपल्याला पोटरीला जाणवणारा ओढ आणि पाच मिलिमीटरच्या अळीला जाणवणारा ओढ यांत फरक आहे. दगडाला अगदी चिकटून असलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, आणि जसजसं वर जावं तसा वेग वाढतो. त्यामुळे खळाळात राहणाऱ्या मेफ्लायच्या (लहानपण पाण्यात काढून पंख फुटल्यावर बाहेर पडणारा एक नाजूक कीटक) कितीतरी जातींची पिल्लं तव्यासारखी चपटी असतात. ती दगडाला अंग चिकटवून सरकतात, तोंड नेहमी प्रवाहाकडे. पुस्तकांत वर्षानुवर्षं छापून आलं की चपटं अंग म्हणजे प्रवाहाखालून निसटायची युक्ती. १९८२ मध्ये स्टॅट्झनर आणि होल्म यांनी लेझरने या किड्यांच्या अंगाभोवतीचा प्रवाह प्रत्यक्ष मोजला, तेव्हा दिसलं की गोष्ट इतकी सरळ नाही. चपट्या किड्यालाही प्रवाहाचा बऱ्यापैकी मार बसतो. मला वाटतं, चपटेपणाचा निम्मा फायदा प्रवाहाशी नसून फटीत शिरण्याशी आहे. कुठल्याही दगडाखाली बोट घालून पाहा, जागा किती अरुंद असते ते कळेल.

धबधब्याच्या अगदी धारेखाली, जिथे बाकी काही टिकत नाही, तिथल्या काळ्या कातळावर ब्लेफारिसेरिड नावाच्या माशीच्या अळ्या मिळतात. त्यांच्या पोटाला ओळीने सहा चूषक असतात. एक उचलायची, पुढे टेकवायची, मग दुसरी, अशा चालीने ती सरकते. चिमट्याने ओढली तर पुष्कळदा अळी फाटते, पण सुटत नाही. या कुळातल्या एका प्रजातीगटाचं नाव आहे होराया, सुंदरलाल होरांच्या नावावरून. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या या माणसाने १९३० मध्येच डोंगरी ओढ्यांतल्या प्राण्यांवर मोठा प्रबंध लिहिला होता. त्यांचा ‘सातपुडा सिद्धांत’ (पूर्वेकडचे डोंगरी मासे सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत आले, हा) अनेकांना माहीत असतो. एवढ्याशा ओढ्यात बसून केलेलं हे काम मात्र आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही.

आता वाहण्याबद्दल. यालाच अभ्यासक ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, मीही तेच म्हणतो, कारण ‘वाहून जाणे’ म्हटलं की मनात अपघात येतो.

कोयना खोऱ्यातल्या एका ओढ्यावर डिसेंबरात मी पहिल्यांदा रात्रभर जाळी लावली होती. चौकोनी लोखंडी चौकट, मागे मीटरभर लांबीची बारीक वीणीची पिशवी, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला. दर दोन तासांनी पिशवी काढायची, पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची, किडे बाटलीत भरायचे, पिशवी परत लावायची. दुपारभर ट्रेमध्ये काय? कुजकी पानं, मुंग्या, झाडावरून पडलेला एखादा सुरवंट, आणि ओढ्यातले म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सूर्य मावळला, समोरच्या डोंगराची रेघ तेवढी दिसायला लागली, आणि त्यानंतरची पिशवी ट्रेमध्ये उलटली तर ट्रेचा तळ हलत होता. मेफ्लायची पिल्लं, तीन शेपट्या फडफडवत. आमच्याबरोबर आलेले गावातले काका म्हणाले, “दिवसा कुठं होती ही?” दिवसाही तिथेच होती, पायाखाली.

हे काही आमच्या ओढ्याचं वैशिष्ट्य नव्हे. जपानमध्ये तनाका यांनी १९६० मध्ये आणि अमेरिकेत थॉमस वॉटर्स यांनी १९६२ मध्ये हेच दाखवून दिलं : अंधार पडला की थोड्याच वेळात वाहणाऱ्यांची संख्या एकदम चढते, मग हळूहळू उतरते, कधी पहाटे पुन्हा एक छोटी लाट येते. काही ओढ्यांत चांदण्या रात्री ही संख्या घटते. पाणी दिवसा आणि रात्री सारखंच वाहत असतं. नुसता प्रवाहच त्यांना उखडत असता तर दिवसरात्र फरक पडला नसता. म्हणजे सोडणारा प्रवाह नाही, किडा आहे.

रात्रच का? कारण दिवसा पाण्यात तरंगणारा किडा म्हणजे माशाच्या तोंडाशी आलेला घास. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहणारे मासे डोळ्याने शिकार करतात. याचा पुरावा मला फार आवडतो, तो अलेक्झांडर फ्लेकर यांचा, १९९२ चा. अँडीज पर्वतात वरच्या ओढ्यांमध्ये असे मासे मुळात नव्हते, पायथ्याच्या ओढ्यांत भरपूर. माशांच्या ओढ्यांत किडे रात्रीच वाहत होते. जिथे मासेच नव्हते तिथले किडे दिवसरात्र कधीही.

पकड सोडण्याची कारणं बरीच आहेत. दगडावरचं शेवाळ खरवडून संपलं. शेजारी फार झाले. स्टोनफ्लायचं, म्हणजे ओढ्यात वाढणाऱ्या दुसऱ्या एका कीटकाचं, शिकारी पिल्लू अंगावर आलं. त्याचा नुसता स्पर्श झाला तरी मेफ्लाय उडी मारते. किंवा चरायला रात्री दगडाच्या वरच्या बाजूला आली आणि पाय घसरला. हा अपघातही रात्रीच जास्त होणार, कारण उघड्यावर येण्याची वेळच ती. वॉटर्स यांनी १९६५ मध्ये ड्रिफ्टचे तीन प्रकार पाडले, ते आजही वापरतात : कायम थोडं थोडं चालणारं, वागण्यातून येणारं (हे रात्रीचं) आणि आपत्तीचं, म्हणजे पूर, विष, अचानक सोडलेलं धरणाचं पाणी. आपल्याकडे जूनमधला पहिला तांबडा लोंढा हा तिसरा प्रकार. त्यात गोटेच गडगडत जातात, तिथे किड्याच्या मर्जीचा प्रश्न नाही.

वाहण्याचं अंतर मात्र लोक फार मोठं समजतात. सर्वसाधारण दिवशी पकड सोडलेला किडा समुद्राला निघालेला नसतो. पोहता येणाऱ्या मेफ्लाय काही मीटरांतच तळ गाठतात, वाळू-काड्यांचं घर पाठीवर घेऊन फिरणारी कॅडिसफ्लायची (पतंगासारख्या एका कीटकाची) अळी वजनानेच खाली बसते, आणि खळाळानंतर डोह आला की तिथे बहुतेकांचा प्रवास संपतो. शिवाय कुठल्याही क्षणी पाण्यात तरंगत असलेल्यांचं प्रमाण तळावरच्यांच्या तुलनेत एका टक्क्याहूनही खूप कमी असतं. जाळीत हजारो दिसतात, कारण जाळीतून रात्रभरात पाणीही तितकं जातं.

ब्लॅकफ्लाय या बारीक चावऱ्या माशीच्या अळीची रीत तर बघण्यासारखी असते. ती दगडावर आधी रेशमाचा थुंकीसारखा ठिपका चिकटवते, मग शेपटाकडच्या आकड्यांच्या कड्याने तो ठिपका पकडून उभी राहते, डोकं खाली लोंबतं, तोंडाशी दोन पंखे उघडलेले, येईल ते गाळून खायला. जागा बदलायची असेल तर पुढे वाकून नवा ठिपका लावते आणि शेपूट तिथे आणून टेकवते, जळवेसारखी पावलं टाकत. घाबरली तर पकड सोडते, पण रेशमाचा धागा सोडत नाही. धाग्याच्या टोकाला प्रवाहात वीतभर खाली लोंबत राहते आणि धोका टळला की तोच धागा चढून पुन्हा वर येते. भिंग असेल तर दगडाच्या कडेला हे दिसतं. नसेल तर दगड पाण्यात ठेवूनच बोटाने हलकेच डिवचा.

आता मूळ प्रश्न. थोडे थोडे का होईना, सगळे खालीच चाललेत. शेकडो पिढ्या. तर वर कोण उरतं?

या कोड्याला ‘ड्रिफ्ट पॅराडॉक्स’ असं भारदस्त नाव आहे. याचं उत्तर स्वीडनमधल्या ओढ्यांवर काम करणाऱ्या कार्ल म्युलर यांनी १९५४ मध्ये मांडलं : अळ्या खाली वाहतात, पंख फुटलेले प्रौढ उडत वर जातात, वर अंडी घालतात, चक्र पूर्ण. सुटसुटीत कल्पना आहे, म्हणून ती पुढची कितीतरी वर्षं तपासली गेली. कुणाला प्रौढ वर जाताना दिसले, कुणाला खाली जाताना, कुणाला वाऱ्याच्या दिशेने. सगळ्यात ठाम पुरावा अलास्कातल्या कुपारुक नदीतून आला. अ‍ॅन हर्शी आणि सहकाऱ्यांनी नदीच्या एका टप्प्यात नायट्रोजनचा जड समस्थानिक (वजनाने किंचित वेगळा, म्हणून मागाहून ओळखता येणारा नायट्रोजन) सोडला, तो शेवाळातून मेफ्लायच्या अंगात गेला, आणि मग वरच्या अंगाला पकडलेल्या प्रौढांत तो शोधला. १९९३ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार बेटिस या मेफ्लायचे साधारण एक तृतीयांश ते निम्मे प्रौढ जन्मठिकाणापासून १.६ ते १.९ किलोमीटर वर उडून गेले होते. ज्या किड्याचं प्रौढ आयुष्य जेमतेम दिवस-दोन दिवसांचं, ज्याला खायला तोंडही धड नाही, त्याने हे अंतर कापलं.

पण पंख नसलेल्यांचं काय? चपटकृमी, गोगलगाय, शिंपला, झिंग्यासारखे गॅमरस हे काही उडत नाहीत, आणि तेही वरच्या ओढ्यात असतातच. म्हणून मला म्युलर यांचं उत्तर सुंदर वाटलं तरी अपुरं वाटतं. एक साधा हिशेब करून बघा. समजा एक किडा दहा दिवसांतून एकदा पकड सोडतो आणि पाच मीटर खाली जातो. ही तूट भरून काढायला त्याला दहा दिवसांत पाच मीटर, म्हणजे रोज अर्धा मीटर वर चालायला हवं. दोन हाताएवढे गोटे ओलांडायचे, बस. ही संख्या मी बसवलेली आहे, पण हंफ्रीज आणि रक्स्टन यांनी २००२ मध्ये गणिताने हेच सांगितलं की तळावर चालत थोडंसं वर सरकणंसुद्धा पुरेसं पडतं, आणि मग कोडं कोडं राहत नाही. आपण जाळी पाण्यात लावतो म्हणून वाहणारे दिसतात. दगडावरून चालत वर गेलेला कुठल्या जाळीत येणार?

दुसरं उत्तर ब्रॅडली अँहोल्ट यांनी १९९५ मध्ये दिलं, ते शेतकऱ्याला लगेच पटेल. रोपं विरळ झाली की उरलेली जोमाने वाढतात. वरच्या भागात किडे कमी झाले की उरलेल्यांना शेवाळ भरपूर, शिकाऱ्यांचा डोळा कमी, मरण कमी. एकेका मादीला शेकड्यांनी अंडी, काही जातींत हजारांनी. त्यामुळे वरच्या भागात मूठभर टिकले तरी पुढच्या पिढीत दगड पुन्हा भरतात. खाली वाहून गेलेल्यांतले बरेच तसेही मरणारच होते, जागा अपुरी होती म्हणूनच ते निघाले होते. ड्रिफ्टला मी गळती म्हणत नाही. कणगी भरून सांडलेलं धान्य आहे ते, निदान पूर नसलेल्या दिवसांत तरी.

गोगलगायीचं तर वेगळंच. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या ओढ्यांत एलिमिया नावाच्या गोगलगायी सतत वर चालताना दिसतात. का? हुरीन आणि डेनी यांनी १९९७ मध्ये जे कारण सुचवलं ते जीवशास्त्रापेक्षा यंत्रशास्त्राचं आहे. शंखावर प्रवाहाचा दाब पडतो, शंख वाऱ्यातल्या दिशादर्शकासारखा मागे फिरतो, आणि डोकं आपोआप प्रवाहाकडे होतं. मग गोगलगाय चालली की ती वरच चालणार. तिला कुठे जायचंय हे तिला ठाऊक असण्याची गरजच नाही.

वर उडून गेलेल्या मादीचं पुढे काय होतं, हे मी एकदाच नीट पाहिलं. जानेवारीतली दुपार, ओढ्यात अर्धा बुडालेला धोंडा, त्याच्या कोरड्या माथ्यावर बेटिसची मादी येऊन बसली. पंख पाठीवर मिटले, आणि ती धोंड्याच्या कडेने खाली पाण्यात चालत गेली. खरंच चालत. अंगाभोवती हवेचा चांदीसारखा पातळ थर, त्यात ती काचेच्या शिशीत बसल्यासारखी दिसत होती. धोंड्याच्या खालच्या बाजूला पोचल्यावर ती मागेपुढे सरकत एकेक अंडं ओळीने चिकटवत राहिली. मी पंधरा मिनिटं वाकून पाहत होतो, कंबर धरली तेव्हा उभा राहिलो. नंतर तो धोंडा उलटला तर जुन्या अंड्यांच्या पांढुरक्या चकत्या शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या. सगळ्यांनी तोच धोंडा निवडलेला. कारण पाण्याबाहेर डोकं काढलेला, खालून पोकळ असलेला तो त्या टप्प्यातला जवळजवळ एकटाच धोंडा होता. ओढ्यात ‘उगाच मध्ये आलेले’ धोंडे जेसीबीने बाजूला केले की काय जातं, ते मला त्या दिवशी कळलं.

तिसरा रस्ता खाली जातो, आणि आपल्या मुलखात मी त्यालाच सर्वांत महत्त्वाचा मानतो. उन्हाळ्यात नदी आटली की बायका पात्रात झिरा खणतात. हातभर वाळू-गोटे उपसले की पाणी लागतं. ते पाणी म्हणजे वाळूखालून वाहणारा ओढाच. त्या फटींमध्ये लहान मेफ्लाय, स्टोनफ्लाय, डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमिड माशीच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, कृमी असं बरंच काही राहतं. पूर आला की काही जण खाली उतरतात, पात्र आटलं तरी काही जण पाण्यापाठोपाठ खाली उतरतात, आणि वर पुन्हा ओल आली की चढून येतात. नव्या झिऱ्याचं पाणी बारीक फडक्यातून गाळून भिंगाखाली धरा, पहिल्याच वेळी काहीतरी वळवळेल.

अडचण एवढीच की सह्याद्रीतले अनेक ओढे अखंड कातळावरून धावतात. तिथे गोट्यांचा थरच नाही, मग खाली जाणार कुठे? अशा ओढ्यांत आसरा म्हणजे कातळातल्या भेगा, रांजणखळग्यांच्या तळाशी साचलेली वाळू, आणि मुळांच्या जाळ्यात अडकलेले पाल्याचे ढीग. हे पाल्याचे ढीग आपल्याला कचरा वाटतात. पुरानंतर सर्वांत आधी किडे सापडतात ते तिथे.

हे सगळे रस्ते एकत्र तोलायचा प्रयत्न कॅनडात विल्यम्स आणि हाइन्स यांनी १९७६ मध्ये केला. गोटे भरलेले ट्रे तळात ठेवले आणि प्रत्येक ट्रेला एकेकच वाट मोकळी ठेवली : वरून वाहत येणारे, खालून चालत येणारे, गोट्यांखालून चढणारे, हवेतून येऊन अंडी घालणारे. चारही वाटांनी प्राणी आले. वाहत येणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा, जवळपास ४० टक्के. त्यांचा ओढा आपल्यासारखा चार महिने कोसळून आठ महिने आटणारा नव्हता, हे लक्षात ठेवूनच तो आकडा घ्यावा.

म्हणजे तुमचा मार्चमध्ये आटलेला ओढा ऑगस्टमध्ये असा भरतो. जुलैच्या धो-धो पाण्यात दगडांवर फार काही सापडत नाही, गोटे स्थिरच नसतात. पण झिऱ्यात आणि वरच्या बारमाही झऱ्यांपाशी साठा जिवंत असतो, काही जातींची अंडी ओलसर वाळूत टिकलेली असतात, आणि शेजारच्या ओढ्यांतले प्रौढ उडत येतात. पावसाला उघडीप मिळाली की आधी पोचतात ब्लॅकफ्लाय, कायरोनोमिड आणि बेटिस. त्यांची पिढी उबदार पाण्यात काही आठवड्यांत उरकते, म्हणून एकट्यादुकट्या माद्यांनी आणलेली अंडी ऑक्टोबरपर्यंत दगड झाकून टाकतात. जाळी विणणाऱ्या कॅडिसफ्लाय त्यांच्या मागून. चतुर आणि टाचण्यांचं (चतुराच्या सडपातळ भावंडांचं) उडणं जोरदार, त्यांना ओढा शोधायला वेळ लागत नाही. स्टोनफ्लाय सर्वांत शेवटी, कारण त्या उडायच्या बाबतीत आळशी. वेल्समध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी प्रौढ किडे काठापासून दूर दूर सापळे लावून पकडले, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले : स्टोनफ्लायचे निम्मे प्रौढ पात्रापासून १८ मीटरच्या आत, नव्वद टक्के ६० मीटरच्या आत. काठावरच्या जांभूळ-करंज-उंबरांच्या पट्ट्याबाहेर त्यातल्या बहुतेकांना कामच नसतं.

न उडणाऱ्यांच्या तऱ्हा जरा घाईने सांगतो, नाहीतर उत्तर संपायचं नाही. गोड्या पाण्यातली खेकडीण पिल्लांना अळी म्हणून पाण्यात सोडत नाही. अंड्यातून थेट चिमुकले खेकडेच निघतात आणि काही दिवस तिच्या पोटाच्या झाकणाखाली राहतात. पावसाळ्यात ओल्या रानातून ती चालते, पिल्लांसकट. जूनच्या रात्री बत्ती घेऊन खेकड्यांना गेलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. शिंपल्याच्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, मासा त्यांना वर नेऊन सोडतो. मासा अडला की शिंपलाही अडला. कोकणातल्या नद्यांतली मोठी गोडी कोळंबी, मॅक्रोब्रॅकियम, तिचं उलटं आहे : पिल्लांना सुरुवातीला खाडीचं मचूळ पाणी लागतं, मग ती तळहातभर ओल्या कातळावरूनही चढत नदीत परततात.

दुसऱ्याच्या अंगावर बसून जाण्याबद्दल डार्विनला फार कुतूहल होतं. त्याने बदकाचे पाय मत्स्यपेटीत लोंबवून ठेवले, नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी त्यांना चिकटल्या आणि दमट हवेत बारा ते वीस तास जिवंत राहिल्या. त्याचा शेवटचा लेख, ६ एप्रिल १८८२ च्या ‘नेचर’मधला, पाणभुंग्याच्या पायाला घट्ट चिकटलेल्या एका इवल्याशा शिंपल्याबद्दल होता. तो भुंगा पाठवणारे वॉल्टर क्रिक म्हणजे डीएनएवाल्या फ्रान्सिस क्रिक यांचे आजोबा. डार्विन १९ एप्रिलला गेला.

आणि काही जीव जवळपास कुठेच जात नाहीत. क्रेम्नोकॉन्कस ही इवलीशी गोगलगाय फक्त पश्चिम घाटात, धबधब्याच्या तुषारांनी ओल्या राहणाऱ्या कड्यांवर मिळते. तिचे सगळे नातलग समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवरचे. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जायला मधला कोरडा डोंगर तिला ओलांडता येत नाही, म्हणून तिच्या जाती थोड्याथोड्या जागेपुरत्या राहिल्या आहेत. २०१३ च्या अभ्यासात अशा नऊ जाती नोंदल्या. ब्लॅकफ्लायला गेलेली जागा महिन्यात परत मिळते. हिला ती बहुधा मिळणारच नाही. म्हणून ‘किडे काय, परत येतात’ असं सरसकट बोललं की मी अस्वस्थ होतो.

बंधाऱ्याबद्दल पुढे विचारलं जातंच, म्हणून आत्ताच लिहितो. गोण्यांचा वनराई बंधारा किड्यांच्या दृष्टीने फारसा त्रासाचा नाही, पावसात तो जातोच. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यात वेळेवर काढले तर पाण्याची वाट मोकळी राहते. सिमेंटचा पक्का बांध चालणाऱ्यांना अडवतो, उडणाऱ्यांना नाही. पण मागच्या फुगवट्यात गाळ बसून खळाळाची जागाच जाते, आणि वाहत आलेले किडे त्या गाळात संपतात. रस्त्याखालची पाइपची मोरी उडणाऱ्यांनाही अडवते. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या ओढ्यांवर २००६ मध्ये दाखवलं गेलं की मोरीच्या वरच्या अंगाला कॅडिसफ्लायचे प्रौढ कमी पोचतात. ओढ्याला लागून डांबरी रस्ता असेल तर आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे : हंगेरीत १९९८ मध्ये दाखवलं गेलं की डांबरावरून परावर्तित होणारा ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणारा) प्रकाश मेफ्लायला पाण्यासारखा दिसतो आणि माद्या अंडी रस्त्यावर घालतात. चकचकीत काळ्या प्लास्टिकवरही त्या तशाच उतरल्या. पण आपल्याकडचं सर्वांत मोठं नुकसान मी नाला खोलीकरणाला धरतो, कारण त्यात तळ खरवडून झिऱ्याचा थरच उचलला जातो आणि बाहेर डोकं काढलेले धोंडेही. वाहून येणारे आले तरी बसणार कशाला धरून?

स्वतः बघायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, घोटाभर पाण्याचा खळाळ शोधा. हाताच्या पंजाएवढे दहा गोटे घ्या, ब्रशने घासून उन्हात दोन दिवस वाळवा, आणि मागाहून ओळखता येतील अशा खुणा करून पुन्हा पाण्यात मांडा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन उचला, बादलीत धुवा, पांढऱ्या ताटात ओता. मग तिसऱ्या दिवशी दोन, आठवड्याने दोन, पंधरवड्याने दोन, महिन्याने दोन. उचलताना खालच्या बाजूला फडकं किंवा चहाची मोठी गाळणी धरा, नाहीतर निम्मे तुमच्या डोळ्यांदेखत ड्रिफ्टमध्ये जातील. काही गोगलगायींच्या शंखावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन जागा लिहून ठेवा आणि आठवड्याने त्या वर गेल्यात की खाली ते पाहा. शंख आधी पुसून कोरडा करा, नाहीतर ठिपका टिकत नाही, आणि पॉलिश पुरतं वाळल्याशिवाय गोगलगाय पाण्यात सोडू नका.